पास झालेला आवाज

मंगळवार, ४

आज दुकानात एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, काखेत टॅब आणि बोलणं इतकं गोड की मुंग्या लागाव्यात. "ताई, आम्हाला तुमचा आवाज हवाय," म्हणाली. मी किल्ली घासत होते. मशीन बंद केलं नाही. म्हटलं, आवाज हवाय ना, हा घे, घर्र घर्र.

पण पोरगी चिकट. किल्ली होईपर्यंत उभी राहिली आणि मग सगळं सांगितलं. ॲम्ब्युलन्सचा फोन आता माणसं उचलणार नाहीत, कृत्रिम बुद्धिमत्ता उचलणार. ती म्हणे दमत नाही, जेवायला उठत नाही आणि एका वेळी शंभर जणांशी बोलते. तिला सगळ्या तऱ्हेची माणसं कळावीत म्हणून त्यांच्या ऑफिसने 'सहभाग गट' काढलाय. त्यात "तुमच्यासारख्या" लोकांना घ्यायचंय.

तुमच्यासारख्या म्हणजे कशा, हे मी विचारलं नाही. विचारायला घेतलं असतं तर ती घरी जाऊन जेवून परत आली असती. नुसती बघत राहिले. "म्हणजे... ज्यांना बोलताना... थोडंसं..." अगं बाई, तीच अडखळायला लागली! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. तिचं नाव मी गोडबोली ठेवलंय.

अडखळते मी. कळायला लागल्यापासून. शब्द ओठाशी येतो आणि तिथेच दार लावून बसतो. हे म्हणतात, गावाच्या किल्ल्या करतेस आणि ह्या एका दाराची होईना तुला. लग्नापासून हा विनोद ऐकतेय, अजून स्वतःच हसतात त्यावर. पेन हातात आलं की मात्र माझी गाडी सुसाट. म्हणून ही वही.

हे पूर्वी बेकरीत भट्टीवर होते. पिठाने फुप्फुसं खाल्ली. आता दोन जिने चढले की छातीत शिट्टी वाजते. गेल्या वर्षी दोनदा ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. दोन्ही वेळा फोनवर एक बाई होती. मी पहिल्याच अक्षरावर अडकले, ती थांबली. घाई केली नाही, सावकाश बोला असंही म्हणाली नाही, फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. मग मी पत्ता सांगितला आणि गाडी आली.

आता त्या बाईच्या जागी मशीन बसणार असेल तर ते माझ्यासाठी थांबतं का हे मला बघायलाच हवं. जाणार आहे.

"जा की," हे म्हणाले. "फुकटचा चहा मिळेल."

शनिवार, ८

चहा मिळाला. कोमट.

सातव्या मजल्यावरची खोली. चाकांच्या खुर्च्या, थंडी अशी की शाल विसरल्याचा पश्चात्ताप झाला. आम्ही तिघं. मी. एक रिटायर झालेले पोस्टमनकाका, झटका येऊन गेल्यामुळे अर्धं तोंड हलत नाही, शब्द एका बाजूने सांडतात. आणि एक आया, शेजारच्या देशातून आलेली, मोठ्या घरात जुळी पोरं सांभाळते. आपली भाषा ती तुकडे जोडून बोलते, पण डोळे मिचकावून बोलते, त्यामुळे सगळं कळतं.

मशीन बनवणारा तरुण आहे, बिचारा सरळ वाटला. सतत चष्मा पुसतो. त्याला मी चष्मा म्हणणार. तो म्हणाला, पुढच्या शनिवारी तुमची चाचणी. ॲम्ब्युलन्स बोलवायचीय असं समजून मशीनशी बोलायचं. तुम्ही बोलाल त्यावरून ते शिकेल.

मग मोठे साहेब आले. फोटोपुरते. "तुम्ही आमचे शिक्षक आहात," म्हणाले आणि तास सुरू व्हायच्या आत निघून गेले.

काकांनी उतरताना लिफ्टमध्ये सांगितलं, "आयुष्यभर लोकांची पत्रं पोचवली. आता माझंच बोलणं पोचत नाही बघा." तीनदा सांगितलं, तेव्हा मला कळलं. मशीनला कळेल का?

बुधवार, १२

तयारी जोरात. दुकानात किल्ल्या घासताना मशीनच्या आवाजाखाली मी वाक्य घासतेय.

युक्ती जुनीच. 'प' आणि 'क' माझे वैरी. म्हणून पत्ता म्हणायचं नाही, 'राहते कुठे' म्हणायचं. पती नाही, 'घरचे'. कृपया तर तोंडात घ्यायचंच नाही, उद्धट म्हणाले तर म्हणू देत. आणि श्वास सोडता सोडता, गाणं म्हटल्यासारखं बोलायचं. आयुष्यभर हेच केलंय मी. हा रस्ता बंद दिसला की बाजूच्या गल्लीतून. दुकानात गिऱ्हाइकांना पत्ताच लागत नाही. काय हवंय ते तेच दाखवतात, मी भाव पाटीवर लिहून ठेवलाय.

येत्या शनिवारी मात्र दाखवतेच. "तुमच्यासारख्या" म्हणे.

शनिवार, १५

जिंकले!

काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन. "नमस्कार. आपत्कालीन सेवा. आपली अडचण सांगा," असा गुळगुळीत बायकी आवाज. आणि मी सुटले. "घरचे आजारी आहेत, दम लागलाय, राहते ती इमारत अशी अशी, लवकर या." एका दमात. एकदाही नाही अडकले! काचेबाहेर गोडबोली टाळ्या वाजवत होती. आईशप्पथ, मला माझाच आवाज ऐकत बसावंसं वाटलं.

काकांनीही कमाल केली. सकाळपासून काही खाल्लंच नव्हतं, कवळी घट्ट बसवून आले होते, दर शब्दाला तोंड पुसत, पण न थांबता बोलले. नातवाकडून पाठ करून घेतलं होतं म्हणे. आया तर बातम्या दिल्यासारखी बोलली. जुळ्यांच्या शाळेच्या बाईंकडून तीन वाक्यं लिहून घेतलेली. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं छान झालं, तर तिला 'छान झालं' हेच कळलं नाही. हसलो दोघी.

तिघंही पहिल्या फटक्यात पास. चष्मा म्हणाला, "मशीनला तुम्हा तिघांचं शंभर टक्के कळलं." मोठे साहेब येऊन हात मिळवून गेले.

येताना गोड घेतलं. ह्यांना वाक्य म्हणून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि काय म्हणावं? "तू घरात अशी कधी बोललीस गं?"

जळतात.

गुरुवार, २०

बसथांब्यावर माझा फोटो! आम्ही तिघं हसतोय आणि वर मोठ्या अक्षरांत: 'सर्वांचा आवाज, सर्वांसाठी. तुमच्यासोबत घडवलेली सेवा.' पहिल्या तारखेपासून सुरू. दुपारच्या फोनवर तर सोमवारपासूनच मशीन बसवताहेत, सरावाला.

थांब्यावरून उगाच दोनदा गेले. खालच्या भाजीवालीने सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं, "ही बघा आपली हिरॉइन!" त्या बाईच्या घशात भोंगाच बसवलाय देवाने.

घरी आले तर फोनशेजारी भिंतीवर ह्यांनी पेन्सिलीने भाजीवालीचा नंबर लिहून ठेवलाय. रंग खराब केला. कशाला, विचारलं, तर म्हणे, "वांगी मागवायला." वांगी ह्यांना लागतात कधीपासून?

बुधवार, २६

हॉस्पिटल. हे झोपलेत. नळी आहे, पण रंग परत आलाय.

दुपारी जेवायला वर आले तर हे खिडकीला धरून उभे. दम्याचा पंप दोनदा ओढला, उपयोग नाही. ओठ निळे व्हायला लागले. मी फोन लावला.

"नमस्कार. आपत्कालीन सेवा. आपली अडचण सांगा."

आठवडाभर घासलेलं वाक्य कुठे गेलं देव जाणे. गल्ल्या सगळ्या बंद. घ-घ करत राहिले, मग तेही नाही. नुसतं तोंड उघडं आणि आत काही नाही. "आपला आवाज ऐकू येत नाही. कृपया पुन्हा फोन करा." कट. पुन्हा लावला. पुन्हा तेच. पुन्हा लावला. बोलायला सुरुवात होते न होते तोच कट. इतक्या गोड आवाजात कुणी माझ्या तोंडावर दार आपटलं नव्हतं.

ह्यांनी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. नंबर. तो लावला. भाजीवालीने उचलला. "हॅलो? कोण? हॅलो?" माझ्याकडून काही नाही. एकदम तिचा सूर बदलला. "किल्लीवाली, तू का गं? तुझ्या ह्यांना झालं का परत? आले, आले मी!" आणि हातात वांगं तसंच धरून ती बया दोन जिने चढून वर. तिने ॲम्ब्युलन्सला फोन लावून त्या भोंग्यातून पत्ता ओरडला आणि मशीन लगेच म्हणालं, "मदत निघाली आहे."

तिचं कळलं. माझं कळलं नाही. मी पास झालेली.

गुरुवार, २७

हे शुद्धीवर. पहिलं वाक्य: "वांगी घेतलीस का?"

रडले मी. मग भांडले. इतकं कळत होतं तर मला आधी सांगितलं का नाहीत? म्हणाले, "तू किती खूश होतीस. कसं सांगायचं?"

शुक्रवार, २८

तळपायाची आग मस्तकात घेऊन सातव्या मजल्यावर गेले. गोडबोली म्हणाली, ताई, बसा, पाणी घ्या, हवं तर लिहून द्या. मी म्हटलं, नाही, बोलणार. म्हणजे, म्हणायला बराच वेळ लागला. बसली बिचारी.

चष्म्याने रेकॉर्डिंग लावलं. "बघा ना ताई, हा तुमचाच आवाज. अगदी स्वच्छ."

ऐकलं. कोण ही बाई? मी तिला ओळखत नाही. तिच्या घरी कुणी आजारी नाही, तिच्या हातात फोन निसटत नाहीये, नवऱ्याचे ओठ तिने बघितलेले नाहीत. ती परीक्षेला बसलीय.

मी विचारलं, मशीन इतक्या लवकर कट का करतं? त्याने चष्मा पुसला. म्हणाला, चुकून लागलेले फोन लाइन अडवून ठेवतात, म्हणून थोडा वेळ आवाज आला नाही की ते सोडून देतं. तो थोडा वेळ म्हणजे किती, हे त्यांनी गटाच्या चाचण्यांवरून ठरवलं. "तुमच्या तिघांच्या बोलण्यात मोठा खंड कुठेच नव्हता ताई. म्हणून कमी ठेवलं."

म्हणजे ती कात्री मी त्यांच्या हातात दिली. मी, काकांनी आणि आयाने. शहाण्यासारखं वागायला गेलो. ऑफिसात, शाळेत, दवाखान्यात सगळीकडे जसं वागतो तसं. केस विंचरून, कवळी बसवून, वाक्य पाठ करून. साहेबांपुढे आपलं व्यंग कोण मांडतं? आणि हे इतके शिकलेले, ह्यांच्यातल्या एकालाही शंका आली नाही की जिला अडखळण्यासाठी बोलावलं ती अडखळली कशी नाही?

पण माझा राग नुसता त्यावर नाही. आवाज द्यायला आम्हाला बोलावलं. थांबायचं किती, हे ठरवायला का नाही बोलावलं? ते बंद दाराआड. फोटो मात्र बसथांब्यावर.

हे सगळं मी त्याला सांगितलं. दोघांनी ऐकलं, घाम पुसत. चष्मा म्हणाला, "तुमचं बरोबर आहे." मग म्हणाला, "पण पहिल्या तारखेचं मी ठरवत नाही."

सोमवार, ३१

मोठ्या साहेबांनी पुढचा महिना मागून घेतलाय म्हणे. आता सुरुवात उद्या नाही, त्याच्या पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला. मला वाटलं माझ्यामुळे. कसलं काय, उद्घाटनाला पाहुणे मिळत नव्हते.

संध्याकाळी गोडबोली घरी आली. ह्यांच्यासाठी फळं. आणि एक नंबर. हा लावला की मशीन येत नाही, सरळ त्या ऑफिसातल्या माणसांकडे जातो. "साहेबांनी खास तुमच्या घरासाठी दिलाय. फक्त तुमच्यासाठी हं."

ती गेल्यावर हे म्हणाले, घे. मी म्हटलं, घेतलाच की. न घ्यायला मी काय येडी आहे? तुमचे ओठ मी बघितलेत.

झोप येत नाही पण. काकांचं काय? आयाचं काय?

बुधवार, २

दुपारी काका दुकानात आले. बायकोच्या कपाटाची किल्ली. जेवून आले होते, त्यामुळे एक अक्षर कळेना. मी किल्ली केली, टॅग लावला. प्रत्येक किल्लीला लावतेच मी, पुठ्ठ्याचा, त्यावर कुलूप कुठलं ते लिहिते. आज त्याच्या पाठीमागे तो नंबर लिहिला.

काकांनी वाचलं. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खास तुमच्या घरासाठी."

मग आलेल्या बहिऱ्या शिंप्यालाही दिला. मग दात काढून आलेल्या एका बाईला. मग ज्याच्या तोंडाला वास येत होता आणि जीभ जड झाली होती त्यालाही, कारण दारू प्यायलेल्या माणसाला हार्ट अटॅक येत नाही असं थोडंच आहे? आयाने तर घड्याळाच्या दुकानासमोर बसणाऱ्या तिच्या देशच्या सगळ्या बायकांसाठी मूठभर टॅग नेले. कुलूप नव्हतंच, नुसते टॅग.

मला एक किल्ली आणून देतात आणि म्हणतात, हिची दुसरी करू नको. अरे, दुसरी करणं हाच माझा धंदा आहे!

रविवार, ६

ह्यांच्याशी कडाक्याचं भांडण. बेडवर उठून बसले, धाप लागलेली. "माझा जीव वाटत सुटलीयस तू. सगळ्या गावाने तो नंबर लावला आणि माझ्या वेळी लाइन लागली नाही, मग?"

मी म्हटलं, जीव तुमच्या एकट्यालाच आहे का?

बोलून गेले. मग आत जाऊन भांडी घासली, घासलेलीच. खरं सांगायचं तर ह्यांचं चूक नाही. फोन उचलणाऱ्या बायका आता मोजक्याच उरल्यात. लाइन नाही लागली तर मी काय करीन? इथे धीटपणाने लिहितेय, पण दर वेळी ह्यांची शिट्टी ऐकली की मी आधी फोन जागेवर आहे का ते बघते. तरी टॅग थांबवावेसे वाटत नाहीत. एकदा माझ्यापुरती सोय करून गप्प बसले की मग पुढचा गेला काय, राहिला काय, तो बसथांब्यावरचा फोटो माझाच राहणार. त्यात मी हसतेय.

सोमवार, ७

हे सकाळी दुकानात येऊन बसले. पुठ्ठे कापायला लागले. नीट कापता येत नाही, तिरके कापतात. बेकरीत पावसुद्धा असाच तिरका कापायचे.

शनिवार, १२

गोडबोली धावत आली. चेहरा पडलेला. "ताई, हे काय केलंत? साहेब भडकलेत. त्या नंबरवर दिवसभर फोन येताहेत."

कोणाचे, विचारलं.

"ज्यांना मशीन कळत नाही त्यांचे," म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली. हळूच म्हणाली, फोनवरच्या बायका खूश आहेत. त्यांना नोकरी सुटण्याची नोटीस मिळाली होती, आता म्हणताहेत, ऑफिसला बघू दे आमची गरज. तिने मला विचारलं, "उद्घाटनाआधी जाहीर सभा घ्यावी लागते. याल?"

"ये...ये...येणार," मी म्हटलं. "पण तयारी करून नाही."

शुक्रवार, १८

आधी निकाल लिहून टाकते, नाहीतर माझं लांबेल. मशीन पहिल्या तारखेला सुरू होत नाहीये. दुपारचंही बंद केलं. फोनवर माणसं आहेत. फेरचाचणी होणार, आमच्या घरी, जिन्यावर, जेवल्यावर, भांडताना. थांबायचं किती हे ठरवताना आम्ही खोलीत असणार आणि मशीनने फोन कधीच कापायचा नाही, कळलं नाही तर माणसाकडे द्यायचा. चष्म्यानेच ते मोठ्याने वाचून दाखवलं, साहेबांच्या तोंडावर. शाबास रे पोरा.

आता सभा.

मोठा हॉल, कॅमेरे, पहिल्या रांगेत फुलं. काका भरपेट जेवून आले होते, मुद्दाम, आणि कवळी खिशात. आया जुळ्यांना घेऊनच आली, कुठे ठेवणार? हे माझ्या शेजारी, पंप हातात. पोस्टरवर आम्ही तिघं हसत होतो.

साहेब म्हणाले, आपल्या सहभाग गटाने आता प्रात्यक्षिक द्यावं. टेबलावर फोन, आवाज सगळ्या हॉलला ऐकू येईल असा. त्यांना वाटलं मी ते गाणं म्हणणार.

काका पुढे झाले. बोलायला लागले. "माफ करा, समजलं नाही." पुन्हा. "माफ करा." तिसऱ्यांदा मशीनने त्यांना दुसऱ्याच भागातल्या रस्त्यावर गाडी पाठवतो म्हणून सांगितलं. आयाने तिच्या भाषेत हाका मारल्या, आपलं पोर बुडताना कुणीही मारेल तशा. मशीन म्हणालं, कृपया हळू बोला. मागच्या रांगेतला एक माणूस हसला आणि मग त्यालाच लाज वाटली.

मग मी. 'पत्ता' म्हणायचं ठरवून गेले होते. 'राहते कुठे' नाही. प-प-प. थांबले. "आपला आवाज ऐकू येत नाही." कट. पुन्हा लावला. कट. पुन्हा लावला. साहेबांनी मध्येच हात पुढे केला, "पत्ता, पत्ता म्हणायचंय ताईंना." मी त्यांच्याकडे बघितलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांनी पुन्हा पुरं केलं. मी पुन्हा पहिल्यापासून. हे मागून म्हणाले, "साहेब, तुम्ही असंच करत राहिलात तर रात्रीचं जेवण इथेच." सगळा हॉल हसला, आणि मग मात्र कुणी मध्ये पडलं नाही.

मी सांगितलं. किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. की चाचणीत बोलली ती मी नव्हते. की आम्हाला लाज वाटली आणि तुम्हाला सोय वाटली. की आम्हाला फोटोला बोलावू नका, ठरवताना बोलवा. फोटो काढून टाका, किंवा ठेवायचाच असेल तर तोंड उघडं आणि आवाज येत नाहीये असा ठेवा, तोच खरा.

टाळ्या झाल्या. पण साहेब मुरलेले. टाळ्यांवर काय, त्यांनी कितीतरी उद्घाटनं केलीत. माइक हातात घेतला, आवाज अगदी मऊ. म्हणाले, ताईंचं म्हणणं रास्त आहे. फेरचाचणी घेऊ, जरूर घेऊ. पण सेवा पहिल्या तारखेला सुरू होऊ दे, सुधारणा चालता चालता होतील. तोपर्यंत या तिघांच्या घरांना थेट नंबर राहील, माझा शब्द. फक्त तो बाकी लोकांत वाटणं आजपासून बंद करा. "एवढं मान्य आहे ना, ताई?"

कॅमेरे माझ्याकडे वळले. हे सुरक्षित, काका सुरक्षित, आया सुरक्षित. फक्त मान हलवायची होती.

एक गोष्ट मी इथे कधी लिहिली नाही. 'न' हे माझं सगळ्यात वाईट अक्षर. प आणि क त्याच्यापुढे काहीच नाहीत. म्हणून आयुष्यभर मी 'बघू' म्हणत आलेय, 'बरं' म्हणत आलेय. स्थळ आलं तेव्हा बरं. दुकानाचं भाडं वाढलं तेव्हा बरं. काहींचं वाईट झालं नाही, हे मिळाले. पण कितीतरी ठिकाणी मला ते नको होतं, आणि माझं बरं ऐकून लोक पुढे गेले. गोडबोलीपुढे, चष्म्यापुढे आणि काही वेळा घरात ते निघालंही आहे, पण अशा माणसांपुढे, अशा हॉलमध्ये, कधीच नाही.

मी तोंड उघडलं. न आला आणि तिथेच बसला. न-न-न. हे उठून माझ्या मागे आले, पाठीवर हात ठेवला. गोडबोलीने साहेबांच्या बाहीला धरून ठेवलं होतं. चष्म्याने चष्मा काढला होता. न-न. माझी मान वाकडी होत होती, डोळे मिटले गेले, थुंकी उडाली असेल, काय उडायचं ते उडू दे. बाजूची गल्ली होती. 'मान्य' म्हणून पुढे 'नाही' जोडता आलं असतं. 'वाटत राहणार' म्हणून सुटता आलं असतं. मी तिथेच उभी राहिले. सगळा हॉल थांबला, मोठे साहेब थांबले, फुलं, पाहुणे, कॅमेरे, सगळे माझ्यासाठी थांबले.

"नाही," मी म्हणाले.